मणाची ढेप आणि माझी न्याहारी

वयाच्या बाराव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत माझं वजन किती आहे हे आमच्या सगळ्या गावाला माहीत होतं. माझं नाव माहीत नसलेली माणसं गावात होती, पण वजन माहीत नसलेलं कोणी नव्हतं. उंब्रजपासून दीड कोसावर, कृष्णेच्या काठाला आमचं गाव. ऊस, गुऱ्हाळं, आणि घरटी एक तरी माणूस पलटणीत. लढाई चालू होती, त्यामुळे पारावर बोलायला विषयांची वानवा नव्हती. तरी माघातली यात्रा जवळ आली की माणसं लढाई बाजूला ठेवून माझ्याकडे वळत.

याला कारण माझे आजोबा. मी दोन वर्षांची असताना मला गोवर आला आणि अंगावर नीट उमटेना. तीन दिवस मी डोळे उघडले नाहीत. चौथ्या दिवशी आजोबा उठले, देवळात गेले आणि गुरवाच्या साक्षीने देवाला बोलले, "पोर वाचू दे. तिच्या भाराची ढेप घालीन. घरच्या गुळाची, एकच, न फोडता." गोवर बाहेर पडला आणि मी वाचले.

गुऱ्हाळात काहिलीतला गरम गूळ कापड घातलेल्या लोखंडी बादलीत भरतात. तो थिजला की बादली उपडी करायची, ती ढेप. आमच्याकडची ढेप मणाची, म्हणजे चाळीस शेरांची असायची, शेर-दोन शेर इकडेतिकडे. सांगलीच्या पेठेतले व्यापारी त्याच मापाची घेत, म्हणून साऱ्या शिवारात बादल्या एकाच मापाच्या. मी त्या वेळी फार तर आठ शेर भरले असते. म्हणजे आजोबांनी माझ्या पाचपट गूळ देवाला कबूल केला होता. माणूस मनाने मोठा होता. त्यांची चूक एवढीच झाली, की पोर वाढतं आणि बादली वाढत नाही हे त्यांनी धरलं नाही.

पहिल्या वर्षी उसाला आग लागली. दुसऱ्या वर्षी आजोबा गेले. तिसऱ्या वर्षी त्यांचं वर्षश्राद्ध होतं, आणि मग राहूनच गेलं. नवसाचे शब्द बदलायचे तर ते बोलणाऱ्यानेच बदलायला हवेत, असं गुरवाचं म्हणणं होतं. आजोबा आता देवाकडेच होते. तिथे त्यांनी परस्पर काही ठरवून घेतलं असेल, तर आम्हाला कळवलेलं नव्हतं.

मी बारा वर्षांची झाले तेव्हा रहिमतपूरकडचं एक स्थळ सांगून आलं. जमीन बागायती, मुलगा पलटणीत, माणसं देवभोळी. बोलणी सुपारीपर्यंत आली आणि मुलाच्या चुलत्याने सहज विचारलं, "पोरीच्या नावचा काय नवसबिवस राहिलाय का?" वडील खोटं बोलत नसत. ही त्यांची खोड आम्हाला पुष्कळदा नडली आहे. चुलते म्हणाले, "मग तेवढा फेडा, आन मग बघू. देवाचं बाकी ठेवून आमी सून आणत न्हाई."

त्या माघात पहिल्यांदा माझं वजन झालं. देवळापुढच्या वडाच्या फांदीला बाजारातला मोठा काटा टांगला होता. एका पारड्यात ढेप, एका पारड्यात मी. ढेपेचं पारडं जमिनीला टेकलं की देवाला पोचलं, असा नियम. अधांतरी राहिलं तर नाही. वडिलांनी आदल्या दिवशी गुळव्याकडून, म्हणजे गूळ आटवणाऱ्या कारागिराकडून, चांगली टंच ढेप करून घेतली होती. आपली पोर मणाच्या वर असेल अशी शंकाही त्यांना आली नाही. मला मात्र सकाळी नेहमीची न्याहारी मिळाली होती. दोन शिळ्या भाकरी, दही, आणि वर वाटीभर काकवी. मी हातापायाने दणकट होते आणि न्याहारीच्या बाबतीत कुणाचं ऐकणारी नव्हते.

मी पारड्यात मांडी घालून बसले. पारडं टेकलं, पण माझं.

मग गुरवाने ढेपेखाली हात घालून पाहिला आणि म्हणाला, "देवानं न्हाई घेतलं." देवापुढे आणलेली ढेप परत घरी नेता येत नाही, म्हणून ती तिथेच फोडून सगळ्या गावाला वाटली. माणसांनी धोतराच्या सोग्यात गूळ बांधून नेला. जाताना दोन-तीन बायांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. माझ्या वजनाशी गावाचं हित जोडलं गेलं ते त्या दिवसापासून.

लग्न वर्षभर पुढे गेलं. दुसऱ्या दिवशी मी दप्तर घेऊन उंब्रजच्या शाळेला निघाले. नदीकाठच्या वाटेने चालताना माझ्या ध्यानात आलं की मी शाळेत आहे ती केवळ दोन शेरांच्या जोरावर. जोवर मी ढेपेपेक्षा जड, तोवर माझं लग्न नाही, आणि लग्न नाही तोवर शाळा आहे.

शाळा मला सोडायची नव्हती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. पाचवीत आम्ही दोघीच मुली होतो आणि गणितात मी सगळ्या मुलांच्या पुढे होते. पण खरं कारण एक छत्री होती. कराडच्या बाजारात आईबरोबर गेले असताना मी एकदा एक शिक्षकीण पाहिली होती. पायात वहाणा, हातात स्वतःची काळी छत्री. भाजीवाल्याला ती "पावशेर दे" म्हणाली आणि त्याने मुकाट्याने दिली. बरोबर कोणी पुरुष नव्हता. सातवीची फायनल पास झालं की शिक्षकीण होता येतं, असं मास्तरांनी सांगितलं होतं. मला ती छत्री हवी होती. तिच्यासाठी अजून दोन यात्रा मणाच्या वर राहणं भाग होतं.

यात एक अडचण होती. शाळा जाऊन-येऊन तीन कोस. रोज तीन कोस चालणारी पोर वाळणार, हे उघड आहे. म्हणजे शाळेत राहायचं तर जड राहायला हवं, आणि शाळेत गेलं की हलकं व्हायला होतं. मी हिशेबी मुलगी होते. ज्यात घाम येतो ते सगळं मी सोडलं. लंगडीत माझ्याइतकी चपळ कोणी नव्हती, ती सोडली. कवायतीच्या तासाला पोटात कळ येऊ लागली. मास्तर चांगले होते. त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, "अशक्तपणा आहे तुला. सकाळी नीट खाऊन येत जा." तसा सल्ला देणारे ते आमच्या पंचक्रोशीतले एकटेच.

कारण घरी माझी न्याहारी बंद होत आली होती. वडिलांनी यात्रेवरून आल्यावर आठ दिवस विचार केला. मोठी बादली करून घ्यावी, तर लढाईमुळे पत्रा मिळत नव्हता. मग उरला एकच उपाय, तो म्हणजे मी. दूध बंद, दही बंद, काकवीचं नाव नाही. सकाळी अर्धी भाकरी, लसणाची चटणी आणि वरचं पाणी काढलेलं ताक. शिवाय पहाटे जात्यावर दोन पायल्या दळायचं, नदीवरून चार खेपा पाणी आणायचं, मगच शाळा. वडील दुष्ट नव्हते. त्यांना देवाची भीती होती आणि मुलीची काळजी होती. दोन्हींवर त्यांना एकच औषध सुचलं होतं.

हे सगळं अमलात आणायचं काम आईचं. आई जतकडची, पार कानडी मुलखाच्या कडेची. लहान चणीची, बोलायला कमी. तिकडे पाऊस नाही, ऊस नाही, सकाळी उठून खायची चैन कुणाला ठाऊक नाही, असं आमच्या घरात समजत. ती स्वतःही म्हणायची, "मला सकाळचं न्हाई जात." वडील, मी आणि दोन धाकटे भाऊ न्याहारीला बसायचो आणि ती वाढायची. शाळेत ती गेलेली नव्हती. रात्री भाकरी थापताना कानडीत मोजायची, ओंदु, एरडु, मूरु, आणि रोज चुकायची. रात्रीची जेवणं आणि सकाळची न्याहारी धरून जितक्या लागतील, त्याहून दुरडीत एक भाकरी जास्त निघायची.

वडिलांना नासाडी खपत नसे. "अगं, परत एक जास्त?"

"चुकलं जणू," आई म्हणायची. "म्हशीला घालते सकाळी."

कानडीत मोजलेल्या भाकरी मराठीत एक जास्त भरतात, असं मत वडिलांनी करून घेतलं आणि विषय सोडून दिला.

मी मात्र सोडला नाही. दळायला मी सगळ्यांच्या आधी उठायची. म्हशीच्याही आधी. अंधारात दुरडी चाचपून ती भाकरी काढायची, माळ्याखालच्या मडक्यात बुडवून काकवीने माखायची आणि जात्यापाशी बसून खायची. जात्याच्या घरघरीत चावण्याचा आवाज कुणाला येत नसे. मग साडेसातला सगळ्यांच्या देखत अर्धी भाकरी आणि ताक, तोंड बारीक करून. आईला पत्ता लागू नये म्हणून मी मडक्याचं फडकं पुन्हा तसंच बांधून ठेवायची. आपल्याइतकं हुशार घरात कोणी नाही, अशी माझी खात्री झाली होती. फक्त एका गोष्टीचं वाईट वाटायचं. म्हशीच्या तोंडचा घास रोज मी खात होते. गोठ्यात गेले की तिच्या डोळ्यांत बघायला मला लाज वाटायची.

गुऱ्हाळ सुरू झालं की वडील पंधरा दिवसांनी मला तिथल्या काट्यावर बसवत. दळण, पाणी, तीन कोस चाल आणि वर ती चोरीची भाकरी, याने माझे दंड भरले. वजन कमी व्हायच्या ऐवजी दीड शेर वाढलं. वडील काट्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले. गुळव्या काहिलीतला रस हलवत होता. तो म्हणाला, "आवं, ही पोरगी रसागत हाय. जितकी आटवाल तितकी घट्ट हुतीया." वडिलांना ते पटलं असावं, कारण त्यांनी मला दळणातली एक पायली माफ केली.

दुसऱ्या यात्रेला ढेप पुन्हा अधांतरी राहिली. गावाने पुन्हा गूळ खाल्ला. या खेपेला परगावची माणसंही आली होती. मी सातवीत गेले.

सातवीच्या वर्षी दिवाळीनंतर मला हिवताप आला. एक दिवसाआड हुडहुडी, वर दोन-दोन गोधड्या. कोयनेलच्या गोळ्या पलटणीला जात होत्या, गावात येत नव्हत्या. पौष उजाडला तेव्हा मी उठून बसू लागले आणि यात्रेला पंधरा दिवस असताना वडिलांनी मला काट्यावर बसवलं. मी ढेपेपेक्षा चार शेर हलकी निघाले. वडील खूश झाले. मग पोर तापातून उठली म्हणून खूश झालो आहोत असं दाखवायला लागले. रहिमतपूरला निरोप गेला, की या खेपेला देव घेणार, माणसं घेऊनच या.

फायनलची परीक्षा यात्रेनंतर दोन महिन्यांनी होती, साताऱ्याला. मास्तरांनी माझा फॉर्म भरला होता. मी गोधडीत तोंड खुपसून रडले. रडण्यानेही वजन जातं की काय असं वाटून थांबले. पंधरा दिवस मी जमेल तेवढं खाल्लं. आई त्या पंधरवड्यात मोजायला जास्तच चुकत होती. पण तापाने चव गेलेली, भाकरी घशाखाली उतरत नव्हती. फार तर शेर-दीड शेर आलं असेल. शेजारचा मुलगा भरतीसाठी साताऱ्याला गेला होता. तिथे वजनात कमी भरला तेव्हा तो बाहेर जाऊन तीन तांबे पाणी पिऊन आला आणि त्यांनी त्याला घेतलं. मीही यात्रेच्या सकाळी नदीवर तीन तांबे प्यायचं ठरवलं. त्याहून जास्त माझ्या हातात काही नव्हतं.

यात्रेच्या दिवशी पहाटे आईने मला हाक मारली. तिच्या हातात तिचं जुनं जाड लुगडं होतं, भरड सुताचं, हिवाळ्यात ती अंथरायला घ्यायची ते.

"हे नेस आन नदीत बुडी मारून ये," ती म्हणाली. "नवस ओलेत्यानं फेडायचा असतोय."

वडील म्हणाले, "अगं, गेल्या दोन वर्षी कुठं ओलेती हुती?"

"म्हणून तर देवानं घेतलं न्हाई," आई म्हणाली.

माघातली पहाट, मी नुकती तापातून उठलेली. मी बुडी मारली आणि त्या निमित्ताने चार तांबे पाणी प्यायले. काठावर आईने मला उभी करून पेटीतले तिचे चांदीचे तोडे माझ्या पायांत चढवले, दंडात वाक्या घातल्या, कमरेला साखळी आवळली. "सोयरं येणार हायत. पोर ओकीबोकी दिसाय नको." मला तिचा राग आला. मी जन्माची अडकायला निघाले होते आणि हिला सोयऱ्यांपुढे मिरवायचं सुचत होतं. लुगडं मला चालू देत नव्हतं. देवळापर्यंत मी पाय ओढत गेले.

पारड्यात बसले. समोर ढेप, तिच्या पलीकडे रहिमतपूरची माणसं फेटे बांधून उभी. काटा हलला, दोन्ही पारडी वरखाली झाली आणि थांबली. ढेप जमिनीपासून चार बोटं वर. मला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात खाली टप टप आवाज आला. लुगड्यातलं पाणी पारड्यातून गळत होतं. मी बसल्या जागी हलकी होत होते. ढेप तीन बोटांवर आली, मग दोन. गुरव कुणाशी तरी नारळाबद्दल बोलत होता. मी श्वास रोखून धरला, जणू हवेलाही वजन असावं.

आई गर्दीतून पुढे आली आणि मी जन्मात कधी ऐकला नव्हता इतक्या मोठ्या आवाजात म्हणाली, "आवं गुरवदादा, बघा की लवकर! पोरगी काकडली थंडीनं!"

गुरवाने लगबगीने वाकून ढेपेखाली बोट घातलं. बोट गेलं. "टेकलं न्हाई," तो म्हणाला. मी उठले तेव्हा माझ्याखाली तळं झालं होतं.

रहिमतपूरच्या माणसांनी ती ढेप फुटेपर्यंत वाट पाहिली, आपला वाटा घेतला आणि घरी गेली. पुढच्या महिन्यात त्यांनी दुसरी मुलगी केली. ती अंगाने बारीक होती असं ऐकलं. मी मास्तरांबरोबर साताऱ्याला गेले, तीन दिवस एका धर्मशाळेत राहून परीक्षा दिली आणि पास झाले. दिवाळीनंतर आमच्याच गावातल्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची जागा मला मिळाली. वडिलांनी ते पत्र तीन जणांकडून वाचून घेतलं, कारण मी वाचून दाखवलेलं त्यांना खरं वाटत नव्हतं. मग ते कराडला जाऊन छत्री घेऊन आले. मी कधी मागितली नव्हती. ती त्यांना कुणी सुचवली हे मी त्या वेळी विचारलं नाही.

आता शिक्षकिणीला उपाशी ठेवता येईना, आणि तशी ठेवूनही काही उपयोग नव्हता. पंधराव्या वर्षी मी ढेपेच्या पाच शेर पुढे होते. पण वडिलांना झोप लागत नव्हती. देवाला दिलेला शब्द आपल्या हयातीत पुरा होत नाही, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. चौथ्या यात्रेला ढेप घेऊन ते देवळापुढे गेले आणि गुरवाला म्हणाले, "आता तूच सांग बाबा काय करू. पोरगी काय हलकी हुत न्हाई."

गुरव डोकं खाजवायला लागला. आई मागे बायकांत उभी होती. ती पुढे आली.

"लेकराच्या जागी आई बसली तर चालतंय," ती म्हणाली. "आमच्या माहेरी अशीच रीत हाय."

गुरव म्हणाला, "व्हय की वैनी. चालतंय. हितंबी चालतंय. तुमी कुणी इचारलंच न्हाई."

"तुला ठावं हुतं?" वडिलांनी आईला विचारलं.

"आत्ता आठवलं," आई म्हणाली.

माणसं हसली. पोरगी भारी पडते तिथे पोरीची आई बसून काय होणार, असं कुणीतरी मागून म्हणालं. आईने ते ऐकल्याचं दाखवलं नाही. तिने हातातले गोठ काढून माझ्याकडे दिले, पायातली जोडवी तेवढी ठेवली आणि पदर घट्ट खोचून पारड्यात बसली. कोरड्या लुगड्यात. ढेप खाली गेली आणि जमिनीला टेकली. नुसती टेकली नाही, धपकन टेकली. आई वर गेली आणि तिथे पाय पोटाशी घेऊन झुलत राहिली.

घंटा वाजली, गुलाल उधळला, वडिलांनी देवळाच्या पायरीवर डोकं टेकलं. माणसं ढेपेकडे धावली. मी आईकडे बघत होते. माझ्या हातात तिचे गोठ होते, आणि ते काही मोठे नव्हते, माझ्या मनगटावर घट्टच बसले असते. तिच्या हातात ते कोपरापर्यंत मागे सरकायचे. हे मी रोज बघत आले होते. तिच्या गळ्याची हाडं, लुगड्याचे वाढत गेलेले वेढे, नदीवरून येताना मध्येच टेकायची तिची सवय, सगळं मी बघितलं होतं आणि माझ्या हुशार डोक्यात त्यातलं काही शिरलं नव्हतं. मी बारा वर्षांची होईपर्यंत ती सकाळी आमच्याबरोबर जेवायची, हेही मला तिथेच आठवलं. चुलीपुढे पाय पसरून, एक भाकरी आणि ठेचा, रोज. सकाळचं न जाणं तिला पहिल्या यात्रेनंतर सुरू झालं होतं. वडिलांनी त्या वर्षापासून भाकरी मोजून करायला लावल्या, आणि तिने मोजून आपली एक माझ्यासाठी ठेवली. मला इतकी लाज वाटली की मी वडाच्या मागे जाऊन उभी राहिले.

त्या रात्री वडील सुटकेने गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी अंधारात उठले. दुरडी चाचपली. भाकरी होती. नवस फिटला तरी आई मोजायला चुकली होती. मी ती घेतली, काकवी घेतली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि चूल पेटवत बसलेल्या आईपुढे ताट ठेवलं.

"मला सकाळचं न्हाई जात," ती म्हणाली.

"मग म्हशीला घालू?" मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. मग गोठ्याकडे बघितलं. मी जात्यापाशी जाऊन बसले, पण दळलं नाही, त्यामुळे घर शांत होतं. थोड्या वेळाने मला भाकरी मोडल्याचा आवाज आला, मग चावल्याचा. मी मागे वळून पाहिलं नाही. तिने सगळी भाकरी खाल्ली.